उलट्या खिळ्यांचा शब्द

बोट थांबली. रत्नागिरी समोर होती आणि कुणालाही तिथे जाता येत नव्हते.

नांगराची साखळी खडखडत पाण्यात उतरली, भोंगा झाला, आणि मग ती ओळखीची कंटाळवाणी शांतता पसरली. भगवतीच्या किल्ल्याचे टोक दिसत होते. त्याखालचे काळे खडक, खडकांवर फुटणारा फेस, धक्क्यावर मुंग्यांएवढी माणसे, माडांच्या शेंड्यांवर तरंगणारा चुलींचा निळा धूर. सारे इतके स्पष्ट की हाक मारावी. पण मोठ्या बोटीला धक्क्याला लागता येत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन माणसे उतरवून नेतात. वारा पडला होता. पडाव वल्ह्यांवर येणार, म्हणजे उशीर.

शेजारी एक म्हातारी बोचक्यावर बसली होती. मुंबईपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"बाय, तुला न्यायला कोन येनार हाय?"

"कोणी नाही."

"मग येवढी टक लावून काय बगत्येस?"

मी पाहतच राहिले. म्हातारीने पानाची पिंक समुद्रात टाकली आणि माझा नाद सोडला.

उद्या इथे एका सभेत मला मराठी भाषेवर बोलायचे आहे. आज येते आहे हे मी कुणाला कळवले नव्हते, कारण एक दिवस मला माझ्यासाठी हवा होता. आणि आमची बोट ज्या पाण्यात उभी होती, त्या पाण्याला इंग्रजीत एक शब्द आहे. ऑफिंग. हा शब्द मी आजवर छापू दिलेला नाही. आज देते आहे.

आमचे घर म्हणजे छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या. आई मी लहान असतानाच गेली. वडिलांचे, आप्पांचे, पायाने चालवायचे एक छपाईचे यंत्र होते, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, लाकडी खण होते, आणि भिंतीला पाठ लावून बसले तर सदऱ्यावर शाई उमटे. शाई, रॉकेल, खळ आणि ओला कागद यांचा वास आमच्या जेवणाला असे. लोक थट्टेने म्हणतात की मी पत्रकांवर वाढले. ते अगदी खरे आहे. बिघडलेली पत्रके आमच्याकडे वाया जात नसत. त्यांच्यावर आमसुले वाळत, त्यांच्यात फणसाच्या आठळ्या बांधून ठेवत. दारू सोडा, परदेशी कापड सोडा, देवळाची दारे उघडा, सभेला या. आठळीला चिकटलेले 'उघडा' सोलून काढून मी आठळी चुलीत भाजत असे. मुळाक्षरे मी उलटी शिकले, कारण खिळ्यांवर ती उलटीच असतात. शाळेतल्या पाटीवरची अक्षरे मला पहिल्यांदा चुकीची वाटली होती.

आणि त्या वर्षांत गावात आणखी एक वारे होते. परके शब्द सोडा. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. त्या वाऱ्याने मी पेटले. मी म्हणत असे, आणि आजही म्हणते, की परका शब्द एकटा येत नाही, तो आपला मालक बरोबर घेऊन येतो. मी 'टेबल' म्हणणे सोडले, 'टाइम' म्हणणे सोडले. आप्पांनी छापखान्याची पाटी उतरवून 'मुद्रणालय' अशी नवी लावली. पाटी चढवताना आक्का खालून म्हणाली, "आप्पा, बोटीला काय म्हणायचं ते पण ठरवून ठेवा हो. मेहुणे तुमचे उतरायचे नाहीत नाहीतर."

आप्पा शिडीवरून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "मेहुणे तिचे. माझे जावई."

"कुणाचे का असेनात. उतरू देत म्हणजे झालं."

आक्का माझी मोठी बहीण. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मूल राहिले नाही. महिन्याभरात न्यायला येतो म्हणून गेलेले तिचे यजमान मुंबईहून आले नाहीत. का, ते घरात कुणी विचारत नसे. मलाही ते कधी नीट कळले नाही, आणि जे कळले नाही ते मी लिहिणार नाही.

मला आठवतात ते बोटीचे दिवस. घरामागे जांभ्याची जुनी चिरेखाण होती. तिच्या काठावर उभे राहिले की माडांच्या फटीतून समुद्र दिसे. आक्का चुलीवर आधण ठेवून मला वर पिटाळी. आधी क्षितिजावर धुराची एक काडी उमटे. मग काडीखाली काळा ठिपका. मी वरूनच ओरडत असे, "आक्का, धूर!" तेवढ्यावर ती आधणात तांदूळ वैरत असे. तिघांचे, आणि वर एक मूठ. आमच्या आळीत सगळ्याच घरी हे असे चाले. धूर दिसल्यापासून बोट उभी राहून, पडाव जाऊन, माणूस बंदरावरून चालत दारात येईपर्यंत भात शिजून, मुरून, पानात वाढण्याजोगा होतो. घड्याळ कुणाकडे नव्हते, आणि या हिशेबाला लागतही नसे. वरच्या मुठीचा भात रात्री तसाच झाकून राही. सकाळी आम्ही त्याची पेज करून खात असू. बोटीच्या दुसऱ्या दिवशीची पेज दाट असे. ती दाट का, हे आम्ही बोलत नसू.

पुस्तक रद्दीतून आले. कुठल्याशा बंगल्यातली रद्दी आप्पांनी पुठ्ठ्यांसाठी घेतली होती, तिच्यात हे निघाले. पहिली काही पाने वाळवीने खाल्लेली. त्यामुळे त्याचे नाव काय, कुणी लिहिले, हे आम्हाला कधीच कळले नाही. समुद्रावरची गोष्ट होती. एका लहान बंदरातली बाई, तिचा दूर गेलेला भाऊ, आणि जहाजे. आक्का लग्नाआधी इंग्रजी शिकली होती, आणि छापखान्यात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. दुपारी भांडी झाली की ती बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर भाषांतर लिहायला बसे. तिच्या अक्षरामागून 'परदेशी कापडाची होळी' उलटी दिसत असे.

आप्पांनी त्या वेळी चार पानी पाक्षिक सुरू केले होते. त्यांनी आक्काला सांगितले, "दर अंकात एक पान तुझं. खाली तुझं नाव छापीन."

"माहेरचं की सासरचं?"

"तू सांगशील ते."

आक्का त्या दिवशी किती वेळ हसत होती. मग म्हणाली, "नुसतं नाव छापा. आडनाव ठरलं की कळवते."

आमचा नियम एकच होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने लिहून खणांवरच्या भिंतीला चिकटवला होता. या अंकात एकही इंग्रजी शब्द छापला जाणार नाही. आणि आक्काच्या पहिल्याच प्रकरणात, पहिल्याच परिच्छेदात, ऑफिंग होते.

शब्दकोश म्हणत होता, बंदराच्या पलीकडचा, खोल पाण्याचा, पण किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र. एवढ्या लांबड्या अर्थासाठी एवढासा शब्द. मला रागच आला. 'पलीकडे' अशा अर्थाचा 'ऑफ' हा साधा शब्द घ्यायचा, त्याला 'इंग'चे शेपूट लावायचे आणि समुद्राचा एक तुकडा आपल्या नावावर करून टाकायचा, ही त्यांची सगळीकडचीच रीत. पण त्या गोष्टीत तो शब्द कसा वापरला होता ते आक्का मला वाचून दाखवी, आणि मी मुकाट ऐके. सुरुवातीला त्या बाईला पहाटे ऑफिंगमध्ये अनोळखी शीड दिसते आणि सगळे बंदर दारे लावून घेते. मध्ये कुठेतरी तिथेच वादळात एक गलबत रात्रभर दिवा दाखवत राहते, आणि किनाऱ्यावरची माणसे काहीच करू शकत नाहीत. शेवटी भाऊ येतो की नाही ते लेखक सांगतच नाही. एवढेच म्हणतो की ऑफिंगमध्ये एक जहाज होते आणि ती बाई दारात उभी होती. गोष्ट संपते.

"बघ," आक्का म्हणाली. "आला म्हणत नाही. गेला म्हणत नाही. दिसतंय, पण आलेलं नाही. याला एक शब्द आहे मेल्यांकडे. आणि आपल्याकडे, जिथं बायका त्यातच दिवस काढतात, तिथं नाही."

मी शब्द घडवायला बसले. दृष्टिसागर. तटदृश्य. दूरजल. आक्का एकेक शब्द तोंडात घोळवून पाही.

"दूरजल. हे काय, सर्दीवरचं औषध? दोन चमचे दूरजल मधातून."

"मग तू सांग."

"बंदरावर सगळी 'बोट भायेर उभी हाय' म्हणतात."

"तेच घे मग. बाहेर."

"बाहेर? अगो, बाहेर तर मी महिन्याच्या महिन्याला बसते. बाहेर म्हणजे दाराबाहेर, गावाबाहेर, वाळीत. हे बाहेर नाही. हे नजरेच्या आत आहे. तिथंच तर दुखणं आहे."

"थोडं इकडंतिकडं चालायचं. वाचणारे समजून घेतील."

"वाचणारे घेतील गो. मला नको ना."

ती हट्टी होती. मीही होते. एका शब्दावरून दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आप्पांना दोघींमधून पाणी मागायची चोरी झाली.

छापखान्यात एक पद्धत असते. जुळवताना एखादे अक्षर कमी पडले, किंवा मजकूर ठरायचा असला, तर त्या जागी कुठलेही खिळे डोके खाली करून उलटे उभे करतात. जागा धरून ठेवायची. मग खऱ्या अक्षरांऐवजी खिळ्यांची बुडे शाई खातात आणि कागदावर काळे चौकोन उमटतात. छपाईआधी ते काढून नीट शब्द बसवायचा असतो. ऑफिंग जिथे जिथे होते तिथे मी उलटे खिळे उभे केले. पानभर मजकुरात पाच जागा. आक्का म्हणाली, छापायच्या दिवशी सकाळी सांगते.

छापायचा दिवस बोटीचा निघाला. भोंगा लवकर झाला. आक्का चुलीपाशी, मी चिरेखाणीवर, आणि आप्पांना अंक टपालात टाकायची घाई. त्यांनी पान चौकटीत आवळले, यंत्रावर चढवले आणि पाय मारायला सुरुवात केली. त्या दिवशी आक्काही माझ्याबरोबर बंदरावर आली होती. आम्ही दोघीच परत आलो तेव्हा अंक घड्या होऊन दोरीने बांधलेले होते. पाच काळे डाग प्रत्येकावर. 'पहाट झाली तेव्हा', मग काळे, 'मध्ये एक शीड उभे होते.'

त्या वर्षी रोज कुठे ना कुठे वर्तमानपत्रावर सरकारची गदा येत होती. काळा डाग पाहिला की लोक एकच गोष्ट समजत. दोन दिवसांत अंक गावभर झाला. कधी पत्रकाला हात न लावणारी माणसे आमच्या दारात येऊन हळूच विचारू लागली, "काय होतं हो तिथं? कुणी काळं केलं?" एका वकिलांनी पाचही जागी 'स्वराज्य' बसवून वाचले आणि गोष्ट उत्तम आहे म्हणाले. वाण्याच्या दुकानात कुणी 'तुरुंग' बसवले, कुणी 'फाशी'. आक्काची गोष्ट दर खेपेला नवी होत होती आणि दर खेपेला अर्थाला जमत होती. मी हवेत होते. पत्रके छापून छापून जे झाले नव्हते ते पाच उलट्या खिळ्यांनी केले होते. मी आप्पांना म्हटले, पुढच्या अंकात तसेच राहू द्या.

आक्का पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांचा शब्द बसला गो तिथं. माझाच तेवढा राहिला."

तिसऱ्या दिवशी फौजदार आले. गावातलेच, आप्पांच्या ओळखीचे, चपला बाहेर काढून आत आले. खुर्चीवर बसले आणि अंक मांडीवर पसरला.

"आप्पा, हे काय आहे सांगून टाका. मी लिहून घेतो, प्रकरण मिटवतो."

"काही नाही साहेब. समुद्राचा एक शब्द आहे. इंग्रजी."

"इंग्रजी?"

आप्पांनी शब्दकोश काढून दाखवला. फौजदारांनी बोट ठेवून व्याख्या वाचली. पुन्हा वाचली. मग खरोखरच्या आश्चर्याने विचारले, "अहो, पण इंग्रजी शब्द छापायला सरकारची बंदी कधी होती?"

आप्पा माझ्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहत म्हणाले, "सरकारची नव्हती. आमची होती."

फौजदार हसले. आक्का स्वयंपाकघराच्या दारात होती, तीही हसली. मी हसले नाही. त्यानंतर जे झाले त्यात फौजदारांचे काही चालले नाही. वरून छापखान्याकडे जामिनाच्या रकमेची मागणी आली, ती आम्हाला झेपण्याजोगी नव्हती, आणि यंत्राला टाळे लागले. ऑफिंग हे उत्तर कलेक्टर कचेरीत कुणालाच पटले नाही. एवढ्या सरळ गोष्टीसाठी कुणी एवढे काळे करील, यावर त्यांचा विश्वास बसेना.

यंत्र गेले तेव्हा घरातून एक आवाज गेला. त्या खटखटीत आम्ही झोपायला शिकलो होतो. खिळे पोत्यांतून गेले. फरशीच्या भेगांत अडकलेले काही मला पुढे वर्षभर झाडताना सापडत राहिले. एखादा 'म', एखादी वेलांटी. आक्काने भाषांतराचे कागद बांधून फळीवर ठेवले. दुसरे प्रकरण तिने लिहिले होते, पण वाचून दाखवले नाही. वरची मूठ मात्र ती वैरतच राहिली.

मग मोसमाच्या अखेरीस एका बोटीने तिच्या यजमानांचा धाकटा भाऊ आला. घरात बसला, पाणी प्याला, म्हणाला, "वहिनींना न्यायला आलोय." त्या रात्री वरची मूठ पहिल्यांदा कुणीतरी खाल्ली. दोन दिवसांनी परतीच्या बोटीने ती निघाली. बंदरावर आंब्याच्या पेट्यांची रास होती, पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा वास नाकात बसत होता. पडावात चढताना आक्का म्हणाली, "शब्द सापडला तर कळव हो."

"आणि तुला सापडला तर?"

"तर मी येऊन सांगेन."

बोट लगेच सुटली नाही. पेट्या चढायच्या होत्या. पडाव भरून जात होते, रिकामे येत होते, आणि ती कठड्याशी उभी होती. हिरव्या लुगड्याचा ठिपका मला ओळखू येत होता. हात हलला की नाही ते कळत नव्हते. मी हाक मारली. शेजारच्या हमालाने माझ्याकडे वळून पाहिले, तिने नाही. ती गेली नव्हती. ती इथेही नव्हती. ऊन कलले तरी ठिपका तिथेच होता, आणि मी धक्क्यावर उभी राहून त्या पाच काळ्या चौकोनांचा अर्थ अक्षरशः पायांनी शिकत होते. मग धूर निघाला आणि ठिपका धुरात मिसळला.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. श्रावणात आक्का गेल्याची बातमी आली ती घाटरस्त्याने, शिळी होऊन. तेव्हा सुतकसुद्धा अर्धे सरले होते. आप्पांनी अंघोळ केली आणि ओल्या अंगाने छापखान्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. मी फळीवरचे कागद शोधले. ती बरोबर घेऊन गेली होती.

समुद्र पुन्हा खुला झाला. पहिल्या बोटीच्या दिवशी मी सवयीने चिरेखाणीवर गेले. धुराची काडी दिसली. खाली येऊन आधणात तांदूळ वैरले, दोघांचे, आणि वर एक मूठ. आप्पांनी पाहिले. सकाळी आम्ही दाट पेज खाल्ली.

आता आप्पाही नाहीत. छापखान्याच्या जागी आंबेवाल्याचे कोठार आहे म्हणतात. मुंबईत मी इंग्रजी वर्तमानपत्रे वाचते तेव्हा तो शब्द वरचेवर भेटतो. पण त्यांनीही त्याची रया घालवली आहे. येऊ घातलेल्या कशालाही ते तो चिकटवतात. संप ऑफिंगमध्ये, लढाई ऑफिंगमध्ये. त्यात समुद्र राहिलेला नाही, आणि दारातली बाई तर नाहीच. ज्यांचा शब्द तेच तो विसरले असतील, तर मी कशासाठी जागा धरून ठेवू? पण मी ठेवली आहे. उद्या सभेत मी भाषेवर बोलेन, परक्या शब्दांवर तुटून पडेन, टाळ्याही पडतील. एका जागी मात्र माझे खिळे उलटेच राहतील.

"आला, आला पडाव!" कुणीतरी ओरडले. बोटीवर एकदम धांदल उडाली. ट्रंका घासल्या, पोरे रडली. म्हातारीने बोचके उचलले आणि डोळ्यांवर हात धरून धक्क्याकडे पाहिले.

"तो बग, लाल टोपीवाला. माजा नातू. धूर बगून घरी सांगून आला आसंल. भात पडला आसंल आता चुलीवर."

मला तो लाल ठिपका दिसला. तो हात हलवत होता. म्हातारीही हलवू लागली, तिला दिसत असो वा नसो.

मी व्याख्या पुन्हा मनात म्हटली. किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र. इतकी वर्षे मी त्यातल्या समुद्रासाठी शब्द शोधत होते. त्या व्याख्येत समुद्र थोडाच आहे. बाकी सगळी ती किनाऱ्यावर उभी राहून पाहणारी आहे. म्हातारी होती त्या शब्दात, माझ्यापासून हातभर अंतरावर.

पडाव बोटीला लागला. मला पाहणारे किनाऱ्यावर कुणी नव्हते. मी जिथे उभी होते तिथे नुसते पाणी होते.